सव्वाचारच्या आधीचं

रात्री एकला फोन वाजला. एका पतसंस्थेचं डे-एंडचं काम अडकलं होतं. एरर ९००२, ट्रान्झॅक्शन लॉग भरलाय.

लॉगिन करून बघितलं. डेटाबेस २२ जीबीचा आणि लॉग १८० जीबीचा! रोज रात्री अकराला फुल बॅकअप व्हायचा, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ असेल तर त्या बॅकअपने लॉग रिकामा होत नाही. त्यासाठी वेगळा लॉग बॅकअप लागतो. तो कुणी लावलाच नव्हता.

मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. शोधून सापडला तो उपाय केला: मॉडेल ‘सिंपल’, फाइल श्रिंक, परत ‘फुल’. डिस्क मोकळी. दहा मिनिटांत मी झोपलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला कुणीतरी ‘व्हेअर’ न लिहिता अपडेट चालवलं. सगळ्या पिग्मी खात्यांवर एकच शिल्लक दिसायला लागली.

“चार-दहाला नेऊ की मागे,” सिनियर म्हणाला. “लॉग बॅकअप घे.”

सर्व्हरने तो घेऊच दिला नाही. ‘सिंपल’ला गेलं की लॉगची साखळी तुटते. परत ‘फुल’ केलं तरी नवा फुल किंवा डिफरन्शियल बॅकअप घेईपर्यंत ती सुरू होत नाही. मी तो घेतला नव्हता. रात्री तोच लॉग दुसऱ्या डिस्कवर बॅकअप केला असता, तर जागाही मिळाली असती आणि साखळीही टिकली असती. मी मात्र त्याला कचरा समजले.

शेवटी रात्री अकराचा बॅकअप रिस्टोअर केला. एजंटांच्या पावत्या बघून अख्ख्या दिवसाच्या नोंदी पुन्हा भरल्या गेल्या. मी दोन वाजेपर्यंत फोनवर होते. मॅनेजर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, कागद होता म्हणून वाचलो.”

आता तिथे दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप होतो. त्याने एकूण जागा फारशी वाढत नाही, तोच लॉग लहान तुकड्यांत जातो. खरी जागा लागते ती हे तुकडे किती दिवस ठेवायचे त्यावर.

नवीन क्लायंट आला की मी आधी विचारते, “किती मिनिटांचं काम गेलेलं चालेल?”

“एकही नाही,” असंच उत्तर येतं. मग मी डिस्कचा खर्च सांगते. समोर शांतता पसरते. तेव्हा मी त्यांना पावत्यांची ही गोष्ट सांगते.