‘लागणे’ आणि ‘लावणे’: आणे पठाराच्या वाटेवर

आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागले की आधी बेल्हे लागते, मग गुळुंचवाडी, मग आणे घाट. घाट चढला की पठारावर आणे गाव. जुन्नर तालुक्याचे हे पूर्वेचे टोक.

एवढ्याशा वाटेत ‘लागणे’ किती वेळा आले! गाव लागते, वेळ लागतो, पैसे लागतात, फोन लागत नाही. आमची मुलगी पुण्यात जपानी शिकते. ती म्हणाली, ‘‘जपानीतही असेच एक क्रियापद आहे, काकारु.’’ तिथे वेळ, पैसे, फोन, दाराचे कुलूप, सगळ्यांना ‘काकारु’ चालते. आजार जडला तरी तेच. तहानेला मात्र नाही. जपानी माणूस ‘घसा सुकला’ म्हणतो. आपल्याला तहान लागते, घरच्या बोलीत प्यास लगती.

पठारावर या शब्दाला फार वजन आहे. इथला मोठा प्रश्न म्हणजे, ‘‘बोअरला पाणी लागले का?’’ काळ्या कातळात जिथे भेगा असतील तिथेच पाणी साठते. म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते. घाटाखाली कुकडी प्रकल्पाचे पाणी कालव्यांनी शेतात पोहोचते. या प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा अशी 5 धरणे आहेत. पण कालव्याचे पाणी उतारानेच वाहते, ते आपोआप पठारावर चढत नाही.

गुळुंचवाडीजवळ ओढ्याच्या पाण्याने कातळ पोखरून नैसर्गिक दगडी पूल झाला आहे. एवढी ताकद असलेले पाणी पावसाळ्यात वाहून जाते आणि उन्हाळ्यात हंडा रिकामा राहतो.

‘काकारु’ची जोडी आहे ‘काकेरु’, जशी आपली ‘लागणे’ची ‘लावणे’. फोन लागतो, पण आधी कोणीतरी तो लावतो. कुलूपही लावावे लागते. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे.

पाणी लागावे, ही दुआ आपण करतोच. पण उतारावर चर खणणे, ओढ्याला बांध घालणे, शेताच्या कडेला झाडे लावणे आणि वुजू करताना नळ बारीक ठेवणे, हे आपल्या हातातले आहे. लागणे अल्लाहच्या मर्जीवर, लावणे मात्र आपल्याकडे.