पडण्याचें शिक्षण

सोलापूरच्या उन्हांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला हिमाचें ज्ञान पुस्तकांतूनच व्हावयाचें. हिम हा हिमालयाचा एक दोष खरा, परंतु तो त्याच्या अनंत गुणांत लोपून जातो, असा कुमारसंभवाच्या प्रारंभीं कालिदासाचा आशय आहे. तो मीं सुमारें तीस वर्षें वर्गांत समजावून दिला. पण बर्फ पाहिला होता तो काय सरबतांतला!

यंदा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर थोरल्या चिरंजीवांनीं काश्मिरांत गुलमर्गला जाण्याचा बेत काढला आणि घरांत दोन पक्ष झाले. बारा वर्षांच्या नातीनें बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकावा, हें आमच्या वहिनींना मुळींच पसंत नव्हतें. "पोरीचा हातपाय मोडला तर?" हा त्यांचा प्रश्न. खरें सांगावयाचें तर मीहि मनांतून त्यांच्याच पक्षाचा होतों. म्हणून लक्ष ठेवण्यासाठीं बरोबर निघालों.

हिवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारे ढग काश्मिरास पाऊस आणि हिम देतात. आम्हांला दोन्हीं भेटलीं. खालीं टंगमर्गला पाऊस होता. तेथून तेरा किलोमीटर चढून सुमारें २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गला पोंचतों, तों त्याच पावसाचें हिम झालेलें! दुसऱ्या दिवशीं लख्ख ऊन पडलें. दुपारीं वारा सुटला आणि अफरवट पर्वताकडे तारेवरून जाणाऱ्या गोंडोल्याचा वरचा टप्पा बंद झाला.

नातीचे धडे मात्र खालच्या सौम्य उतारावर चालले होते. पायांना लांब, टोकाशीं वर वळलेल्या स्कीच्या पट्ट्या. शिकविणाऱ्या काश्मिरी तरुणानें प्रथम पळावयास शिकविलेंच नाहीं, पडावयास शिकविलें. तोल जाऊं लागला कीं पुढें न कोसळतां बाजूला बसावें. उठतांना पट्ट्या उताराला आडव्या घ्याव्या, नाहीं तर उठतां उठतांच पुन्हा घसरण होते. त्यानंतर टोकें जवळ आणि टांचा दूर ठेवून वेग आंवरण्याचा पाठ. मी निखाऱ्यांची कांगडी घेऊन कडेला बसलों होतों. पोर अकरा वेळां पडली. चुका मोजणें ही मास्तराची खोड! तो तरुण मात्र दर खेपेस हंसून म्हणे, "छान पडलीस; आतां ऊठ."

तिसऱ्या दिवशीं एकाएकीं धुकें उतरलें आणि नात दिसेनाशी झाली. माझें काळीज धडधडूं लागलें. तोंच धुक्यांतून आवाज आला, "आजोबा, मी पडलें होतें; पण माझी मीच उठलें!"

त्या क्षणीं मला एक जुना विद्यार्थी आठवला. शब्दाचें रूप तीनदां चुकल्यामुळें मीं त्याला वर्गापुढें उभें केलें. सारी मुलें हंसलीं, आणि मीहि हंसलों. पुढें तो संस्कृताच्या तासाला आला नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं शाळेंतहि दिसेना. मीं त्याला चूक दाखविली. चुकल्यावर उठावें कसें, हें दाखविलें नाहीं. आज तो कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. क्षमा तरी कोणाची मागावी?

परवां धाकटा नातू रामशब्द म्हणतांना तृतीयेला अडखळला. माझी भुंवई चढली. इतक्यांत नातीकडे दृष्टि गेली. मीं म्हटलें, "बाळ, येथूनच पुन्हा ऊठ." त्यानें पुढचीं सारीं रूपें बिनचूक म्हटलीं असें नाहीं, पण शेवटपर्यंत म्हटलीं, आणि हंसत म्हटलीं.