काट्यावर बसणारा मालक

आमच्या बार्शीटाकळीकडे अपील कोणाला शिकवावं लागत नाही. फेरफार विरोधात गेला की ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे धाव घ्यायची, हे धुऱ्याच्या भांडणांतून पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी अमेरिकेत इमिग्रेशनची वकिली करतो. तिथे मुदत ३० दिवसांची. नामंजुरी टपालाने आली तर ३३.

परदेशी कंपनीने आपला वरिष्ठ अधिकारी अमेरिकेतल्या शाखेत आणायचा, त्यासाठी ‘एल-वन-ए’ व्हिसा. १९७०पासून तो आहे. शाखा नवी असेल तर आधी एकच वर्ष मिळतं आणि मुदतवाढ मागताना खरी परीक्षा होते.

समजा, अकोल्याच्या एमआयडीसीतली डाळ मिल आहे. मालकाचा मुलगा न्यू जर्सीतली शाखा बघतो. अर्जात लिहिलेलं असतं, ‘संचालक सर्व व्यवहार पाहतात.’ एवढ्याने भागत नाही. इमिग्रेशन खात्याचा अधिकारी आणखी पुरावा मागतो. मग कंपनी अभिमानाने कळवते: कंटेनर सोडवायला साहेब स्वतः बंदरावर जातात, दुकानदारांच्या ऑर्डरी स्वतः घेतात, रात्री बिलंही स्वतःच करतात. झालं! आपली नामंजुरी आपणच लिहून दिली. आपल्याकडे मालक स्वतः काट्यावर बसतो यात इभ्रत आहे. १९९०च्या कायद्यातल्या व्याख्येला मात्र धोरण ठरवणारा, रोजची कामं दुसऱ्यांवर सोपवणारा माणूस हवा असतो. नुसती माणसं कमी आहेत म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, धंद्याची गरजही बघावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. पण ती गरज कागदावर मांडणार कोण?

नामंजुरीविरुद्ध अपिलाचा हक्क कंपनीचा, शाखेत आणलेल्या तिच्या अधिकाऱ्याचा नव्हे. कागद आधी नामंजूर करणाऱ्या कार्यालयाकडेच जातात. त्यांनी ४५ दिवसांत मत बदललं नाही, तर वरच्या प्रशासकीय अपील कार्यालयाकडे. नवा पुरावा असेल तर प्रकरण पुन्हा उघडायची मागणी करता येते, कायदा चुकीचा लावला असेल तर फेरविचाराची. पुष्कळ जण पुरावा जोडत नाहीत, रागच जोडतात.

दोन निकाल मी हमखास वापरतो. २०१०चा ‘चवाथे’ (आडनाव आपल्या ओळखीचं!) मुळात नागरिकत्वासाठीचं वास्तव्य जपण्याच्या अर्जाचा, पण म्हणणं खरं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त दिसली तरी पुरे, हे त्याने पक्कं केलं. दुसरा २०१६चा, एका जपानी कंपनीच्या शाखेचा: मायदेशातले कर्मचारी शाखेची कामं करत असतील तर तेही विचारात घ्यावे लागतात. अकोल्यात बसून न्यू जर्सीचे हिशेब लिहिणारा मुनीम असा कामाला येतो.

अपील टाळून थेट फेडरल कोर्टातही जाता येतं, ६ वर्षांपर्यंत. २०२४च्या ‘लोपर ब्राइट’ निकालानंतर खात्याने लावलेला कायद्याचा अर्थ कोर्टाला निमूट मानावा लागत नाही. मात्र कोर्ट बघतं ते खात्यापुढे आलेलेच कागद.

शिवाय अपील चालू आहे म्हणून काम करायची परवानगी मिळत नाही. म्हणून पुष्कळदा मी सरळ नव्या अर्जाचा सल्ला देतो. आधी गोदामाला माणूस नेमा, बिलं अकोल्याला पाठवा, पगारपत्रकं जोडा. मग हमखास फोन येतो, “वकीलसाहेब, मंग म्या दिवसभर करू काय?”

त्याचंच उत्तर तासांच्या हिशेबाने लिहून काढायला सांगतो. कामाच्या वर्णनाचं पान त्यातूनच तयार होतं.