देश मोजू नयेत, मुक्काम मोजावेत

चि. भाच्यास,


युरोपातल्या सहकुटुंब प्रवासाची आखणी मुक्कामांपासून सुरू होते. देशांची यादी त्यानंतर येते. परवा आलेल्या तुझ्या तक्त्यात बारा रात्री, सात देश आणि पॅरिसपासून रोमपर्यंत एकच भाड्याची मोटार आहे. सत्तरी ओलांडलेली आई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर असताना असा तक्ता सुचलाच कसा? तिकडे सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि नवी खोली बहुधा दुपारी तीननंतर मिळते. मधल्या तासांत सगळे कुटुंब सामानासह उघड्यावर असते. प्रत्येक बदलात असा अर्धा दिवस जातो, गुडघे दुखणारे माणूस सोबत असेल तर त्याहून जास्त. त्या जुन्या प्रवासात पोलादपूरच्या घाटात काय झाले होते ते आईला विचारावे. तेव्हाचा तक्ताही असाच भरगच्च होता आणि तो तुझ्या वडिलांनी केला होता.

बारा रात्रींना चार मुक्काम पुरेत: पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडमधल्या चूरला तीन, कोमो सरोवराकाठच्या वारेन्नाला दोन आणि टस्कनीतल्या एखाद्या शेतघरात चार. विमान पॅरिसला उतरणारे आणि रोमहून परतणारे घ्यावे, म्हणजे उलट्या प्रवासाचा दिवस वाचतो. यात तीनच देश होतात, आणि तेवढे पुष्कळ आहेत.

व्हिसाचे उत्तरही मुक्कामांतूनच निघते. शेंगेनमधल्या 29 देशांना एकच व्हिसा चालतो, पण अर्ज जिथे सर्वाधिक राहायचे त्या देशाकडे करायचा असतो. वरच्या आखणीत इटलीच्या सहा रात्री होतात, म्हणून अर्ज इटलीकडे जातो. विमान आधी पॅरिसला उतरते म्हणून फ्रान्सकडे अर्ज करणे, हे तक्त्यातले कलम चुकीचे आहे. पहिल्या प्रवेशाचा निकष मुख्य देश ठरवता येत नसेल तेव्हाच लागतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आईच्या पॉलिसीत रक्तदाबासारखे जुने आजार धरले आहेत का, ते कलम स्वतः वाचावे. एजंटच्या शब्दावर सोडू नये.

आता मोटार. ती एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की कंपन्या परतीचे वेगळे शुल्क लावतात, आणि ते कित्येकदा भाड्याहून जड जाते. सीमा ओलांडायला कंपनीची परवानगी लागते. रस्त्यांचे कर दर देशात निराळे: फ्रान्स आणि इटलीत महामार्गावर टोलनाके, स्वित्झर्लंडमध्ये 40 फ्रँकचा वार्षिक परवाना, ऑस्ट्रियात दिवसांच्या हिशेबाचा. माँ ब्लाँच्या बोगद्याला टोल वेगळाच. गोटहार्डच्या 17 किलोमीटरच्या रस्ता-बोगद्यापुढे उन्हाळी सुट्टीत मैलोगणती रांगा लागतात, आणि त्या रांगेत चार वर्षांच्या मुलाला पट्ट्यात बांधून बसवावे लागते. सातआसनी मोटारीत मागची रांग उघडली की बॅगांना जागा उरत नाही, हेही तक्ता करताना सुटलेले दिसते.

टस्कनीत मात्र मोटार हवीच. किआंतीच्या टेकड्यांतली शेतघरे आणि लहान गावे रेल्वेच्या वाटेवर नाहीत. मोटार फ्लॉरेन्सला घ्यावी आणि तिथेच परत करावी. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वर्षभर चालतो. त्याच्यासोबत मूळ परवानाही जवळ लागतो. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. इटलीत 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खास आसन लागते, म्हणजे मुलीलाही लागेल. दोन्ही आसने आधीच सांगून ठेवावीत. फ्लॉरेन्स, सिएना अशा जुन्या शहरांच्या गाभ्यात मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. गाडी वेशीबाहेर लावून चालत आत जावे.

उरलेला सगळा प्रवास आगगाडीने व्हावा, आणि या मुद्द्यावर तडजोड नको. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून झुरिक सुमारे चार तासांवर आहे. तिथून चूर सव्वा तास. पुढे चूर ते इटलीतले तिरानो हा रेटियन रेल्वेचा मार्ग हेच या प्रवासाचे मोल आहे. त्यातला आल्बुला घाटाचा भाग 1904 मध्ये पूर्ण झाला, बर्निनाचा 1910 मध्ये. 2008 पासून दोन्ही जागतिक वारसा आहेत. लांडवासरचा 65 मीटर उंचीचा दगडी पूल वळत वळत थेट कड्यातल्या बोगद्यात शिरतो. पुढे डोंगराच्या पोटातच वेटोळी घेत गाडी उंची गाठते. बर्निना खिंडीतले ओस्पिझिओ स्थानक 2,253 मीटरवर आहे आणि तिरानो 429 मीटरवर. ही सारी उतरण दातेरी रुळाशिवाय, केवळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर पार होते. कर्जत-लोणावळ्याचा चढ 37 ला 1, आणि तिथे मागून जादा इंजिने लावावी लागतात. बर्निनावर चढ जवळजवळ 14 ला 1 आहे. ब्रूझिओला तर गाडी नऊ कमानींच्या गोल पुलावरून स्वतःच्याच रुळाखालून निघते. नऊ वर्षांच्या मुलीने हे खिडकीला नाक लावून पाहायचे, की मोटारीच्या मागच्या सीटवर झोपून घालवायचे? बाप चाकामागे बसला की त्यालाही डोंगर दिसत नाही, रस्ताच दिसतो.

बर्निना एक्स्प्रेसला आरक्षण लागते. त्याच मार्गावरच्या साध्या गाड्यांना लागत नाही. तिरानोहून मिलानकडे जाणारी गाडी सरोवराच्या काठाने वारेन्नाला सोडते. मिलान ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दोन तास. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांत आसन आरक्षण सक्तीचे आहे, रेल्वेचा पास असला तरीही. या आखणीत लांबचे टप्पे मोजकेच आहेत, तेव्हा आधी काढलेली सुटी तिकिटे पासाच्या तुलनेत तपासून पाहावीत. गाडी भरत जाते तसा दर चढतो.

काळजी सामानाची आणि आईची. स्थानकांवर हमाल नसतात आणि मधल्या स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. माणशी एकच बॅग, तीही स्वतःला उचलता येईल एवढी. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालायला त्रास असणाऱ्या प्रवाशाला चढण्या-उतरण्यासाठी मोफत मदत मिळते, पण 24 तास आधी कळवावे लागते. झुरिकच्या बदलासाठी स्विस रेल्वेलाही वेगळे कळवावे. आई आपणहून काही मागणार नाही. ती म्हणेल, चालेन मी. तिचे ऐकू नये.

दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवावेत. मेतकूट, भाजणी, चटण्या चालतात. औषधे बारा नव्हे, वीस दिवसांची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत हवीत. मोटारीचे सध्याचे आरक्षण मोफत रद्द होण्याची मुदत या आठवड्यात संपते का, ते आजच पाहावे.

कळावे.
तुझा मामा