पावलाखालचा खडा

नागपंचमी जवळ आली की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) भागातून पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वाराच्या यात्रेला गाड्या निघू लागतात. मी मलमपट्टी करणारा माणूस. वर्षभर दवाखान्यात करतो तेच काम त्या दिवसांत सेवा मंडळाबरोबर पचमढीला जाऊन करतो. १९५६ पर्यंत वर्धा आणि पचमढी एकाच प्रांतात होते. आता पचमढी परराज्यात गेली, डोंगर मात्र आपल्याच सातपुड्याचा.

पहिल्या वर्षी मी पेटी घेऊन पायथ्याशी बसलो. माणसे आली ती हाल सोसून आली. फोड फुटून कातडी निघालेली, त्यात चिखल भरलेला, मुरगळलेला घोटा टम्म सुजलेला. मला फार वाईट वाटले. पाय वर डोंगरात जायबंदी होतो आणि औषध खाली बसून राहते, हे काही खरे नव्हे. पुढच्या वर्षापासून पहाटे साडेतीनलाच चढू लागलो.

पाऊस, निसरडे दगड, टॉर्चच्या उजेडात दिसतील तेवढीच दोन पावले. गॉज दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, कारण भिजलेला गॉज काही कामाचा नाही. मी चढतो हळू, लहान पावलांनी. धापा टाकत वर पोचलो तर हात थरथरतात, आणि थरथरत्या हाताने चिमटा धरता येत नाही.

चढताना मला जखमींपर्यंत स्वतः गेलेले डॉक्टर आठवतात. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते, ही आम्हा वैदर्भीयांना अभिमानाची गोष्ट. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात जखमींमागे हिंडले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. त्यांच्या आधी त्याच मुलखात कॅनडाचे डॉ. बेथ्यून राबत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते दगावले. हातमोजे चढवताना मला ते बोट आठवते.

एका पहाटे उजाडता उजाडता एक मावशी अनवाणी वर आल्या. एका पायाने किंचित दबून चालत होत्या. मी थांबवले, तर म्हणाल्या, "मले काई नाई झालं जी, जाऊ द्या."

"मावशी, एक मिनिट बसा. तळवा दाखवा."

पाण्याने कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. अंगठ्याच्या मुळाशी बोराच्या बीएवढा खडा आत रुतलेला, भोवती रक्त. मी तो चिमट्याने काढला, तरी त्यांनी पाय मागे घेतला नाही. त्यांना दुखणे कळतच नव्हते. तेव्हाच माझ्या पोटात धस्स झाले.

"शुगर आहे का?"

"हाय जी. गोळी सुरू हाय."

उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतली, सैल पट्टी बांधली, आमच्यातल्या एकाच्या चपला त्यांच्या पायात घातल्या आणि सोबतीला माणूस देऊन त्यांना खाली पाठवले. दर्शन राहिले म्हणून त्या रडल्या. मलाही भरून आले, पण वर जाऊ दिले नाही.

नागद्वाराला जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांना अनवाणी चढू देऊ नका. नवस असला तरी नाही. मुक्कामाला पोचल्यावर त्यांचे तळवे उजेडात तुम्ही स्वतः बघा. दुखत नाही म्हणाले, तरी बघा.