न केलेले भागाकार

एखादी मोठी संख्या मूळ की संयुक्त, याचा तपास म्हणजे निव्वळ भागाकारांची हमाली, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. परंतु ज्याने असा एखादा तपास कागदावर तडीस नेला आहे, तो जाणतो की यातील खरे कौशल्य भागाकार करण्यापेक्षा, कोणते भागाकार करण्याचे कारणच उरत नाही हे सप्रमाण ओळखण्यात आहे.

दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की 2,14,74,83,647 ही संख्या मिळते. तिचे वर्गमूळ 46,340 च्या किंचित पुढे. तिथवरच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांहून अधिक. त्या सर्वांस हजर करावे लागत नाही, याचे कारण संख्येच्या घडणीतच आहे. हिला निःशेष भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिने भागता दोनाच्या एकतिसाव्या घाताची बाकी एक उरणार. आणि एकतीस स्वतः मूळ असल्याने, फेर्माच्या सिद्धान्तान्वये, तो भाजक बासष्टाच्या कुठल्यातरी पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे. शिवाय बत्तिसावा घात पूर्ण वर्ग असून त्याची बाकी दोन येते, त्यामुळे भाजकास आठाने भागता एक किंवा सातच उरू शकतात. दोन्ही अटी एकत्र केल्या की 248 ने भागून 1 किंवा 63 उरणाऱ्या संख्यांखेरीज बाकी सर्वांचे अर्ज परस्पर नामंजूर होतात.

पहिला उमेदवार 311. भागाकार 69,05,092, बाकी 35. बाकी शून्य नाही एवढे कळणे पुरेसे असले, तरी मी नवाचा ताळा घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही: भाजकाचा 5, भागाकाराचा 4, गुणून 20 म्हणजे 2, त्यात बाकीचे 8 मिळवून 1, भाज्याचाही 1. यानंतर 497 साताने, 559 तेराने, 1241 सतराने गळतात, आणि थेट 1303 पाशी पुन्हा लेखणी उचलावी लागते, बाकी 226. असे शंभराच्या आतच भागाकार, आणि प्रकरण निकाली! गणितज्ञ ऑयलर यांनी 1772 मध्ये ही संख्या मूळ असल्याचा निर्णय दिला तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्या अंधारात हे गणित मनाशी धरून ठेवणाऱ्या बुद्धीपुढे माझे मस्तक आपोआप लवते.

पुढे 1876 मध्ये एदुआर ल्यूका यांनी भाजकांचा शोध न घेताच, केवळ बाक्यांचे एका ठराविक क्रमाने वर्ग करीत जाण्याच्या कसोटीने, दोनाच्या 127 व्या घातातून एक वजा करून येणारी 39 अंकी संख्या मूळ ठरवली. ही कसोटी निःसंशय श्रेष्ठ. तरी माझी ओढ भागाकारांकडेच आहे, कारण ल्यूकांची कसोटी संख्या संयुक्त असल्याचा हुकूम देते पण तिचे अवयव दाखवीत नाही. दोनाचा 67 वा घात उणे एक ही संख्या संयुक्त असल्याचे त्यांनी त्याच साली दाखवले. परंतु तिचे अवयव 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287 हे दप्तरी दाखल झाले ते 1903 मध्ये, अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांच्या हातून.