आक्काची खोली

सेवानिवृत्त शिक्षकाच्या हातीं रिकामा वेळ आला म्हणजे घरच्या मंडळींनीं सावध असावें, असें आतां माझें मलाच वाटूं लागलें आहे. पस्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्यांना, फळ्यावरील अक्षरांना आणि शाळेच्या कपाटांना शिस्त लावली. शाळा सुटली, पण ती संवय सुटली नाहीं. गेल्या आश्विनांत ती आमच्या आक्काच्या शिवणाच्या खोलीवर जाऊन पडली.

ही खोली आमच्या वाईच्या वाड्यांत माजघरालगत आहे. लांबी दहा फूट, रुंदी सात फूट, आणि पूर्वेस एक खिडकी. आक्का माझी थोरली बहीण. १९६२ सालीं, लग्नास तीन वर्षें होतात न होतात तोंच, ती पांढऱ्या कपाळानें माहेरीं परत आली. वडिलांनीं ओळखीच्या एका घरून जुनें पायाचें शिवणयंत्र आणून त्या खिडकीखालीं ठेवलें. त्या यंत्रावर तिनें पन्नासाहून अधिक वर्षें काढलीं. आळींतल्या चोळ्या, परकर, झबलीं, टोपडीं, कुंच्या, सर्व तिच्या हातचें. १९७४ सालीं मी मॅट्रिकला बसलों, त्या परीक्षेची फी याच शिवणाच्या पैशांतून भरली गेली, हें मला फार उशिरां कळलें. चैत्रांत ती गेली, आणि खोलीला कडी लागली.

नवरात्र जवळ आलें तेव्हां धाकटी सून म्हणाली, “मामंजी, खंडेनवमीला आत्याबाईंच्या यंत्राची पूजा दरवर्षीं व्हायची. यंदाहि व्हायला हवी.” आश्विन शुद्ध नवमीस ज्याचें त्यानें आपलें आयुध पुजावें अशी रीत. आमच्या घरीं तलवार कोठली? विळी, अडकित्ता, कुऱ्हाड आणि आक्काचें यंत्र, हीच आमची शस्त्रशाळा. मीं लगेच म्हटलें, “खोली मी आवरतों.”

कडी काढली तों मला आंत शुद्ध अराजक दिसलें. खुंट्यांवर लहानमोठीं गांठोडीं. शिंप्याचा खडू करवंटींत, बटणें लोणच्याच्या बरणींत. कातर कपाटांत नव्हे तर यंत्राच्या उजवीकडे खिळ्याला टांगलेली. आणि दारामागें गांठी मारलेल्या मळकट दोऱ्यांची एक जुडी. मीं पदर खोंचला म्हणण्याऐवजीं धोतर खोंचलें असें म्हणतों, आणि कामास लागलों.

कोळिष्टकें काढलीं, पावसाळ्याची बुरशी पुसली, लोकरीचे कपडे उन्हांत टाकले. यंत्र उघडलें तों दात्यांखालीं कापसाच्या कुसाचा गादीसारखा थर जमलेला. तो दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें काढला. होडीच्या आकाराचें शटल बाहेर घेऊन लखलखीत केलें. आतां तेल म्हणून खोबरेलाची बाटली उचलली, तोंच सुनेनें हटकलें: “मामंजी, खोबरेल थंडींत गोठेल आणि यंत्र आंखडेल. यंत्राचेंच तेल हवें, आणि तेंहि एकेका छिद्रांत एकेकच थेंब. मग चिंधीवर दहावीस टिपा माराव्या. जास्तीचें तेल चिंधी पिते, नव्या कापडाला डाग पडत नाहीं.” व्याकरणांत मुरलेल्या माणसाला हें ठाऊक नव्हतें, हें त्याच वेळीं मनाला लागायला हवें होतें, पण लागलें नाहीं.

पाणिनीय धातुपाठांत धातूंचे दहा गण आहेत. त्याच धर्तीवर मीं त्या खोलींतील वस्तूंचे गण पाडले. गांठोडीं सोडलीं. एकेकांत कापडाचा एक तुकडा, एक रीळ, चार बटणें आणि एखादी जुनी चोळी अशी खिचडी होती, ती निवडून वेगळी केली. सुती, रेशमी, लोकरी कापडांच्या निराळ्या चळती रचल्या. रिळें रंगानुक्रमें लावलीं. दोन भोंकांचीं बटणें एका डब्यांत, चार भोंकांचीं दुसऱ्यांत. प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी डकविली. उरलेला केरकचरा, त्या मळकट दोऱ्यांसुद्धां, बंबांत घातला. आमच्याकडे अजून बंब पेटतो.

तिसऱ्या दिवशीं मोठ्या अभिमानानें मंडळींना बोलावलें. आमच्या सौभाग्यवती उंबऱ्यांत उभ्या राहिल्या. “छान झाली हो खोली,” असें म्हणून त्यांनीं दारामागें पाहिलें. “मापं कुठें आहेत?”

“टेप पहिल्या खणांत आहे.”

“टेप नव्हे. मुलांचीं मापं. वन्संच्या दोऱ्या.”

मग मला कळलें. टेप घरांत येण्यापूर्वीं आक्का दोरीनेंच माप घेई, आणि टेप आल्यावरहि घरच्या मुलांसाठीं तिनें ती रीत सोडली नाहीं. प्रत्येक मुलाची एक दोरी. दर दिवाळीस मुलाला भिंतीशीं उभें करून खांद्यापासून घोट्यापर्यंत दोरी धरायची आणि गांठ मारायची. पुढल्या वर्षीं गांठ थोडी खालीं सरकायची. एका दोरीवर एका मुलाचें सगळें बालपण.

“तुमचीसुद्धां होती त्यांत,” सौभाग्यवती म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. बंबांतली राख तोंपर्यंत मोरीवर गेली होती आणि तिनें भांडीं घासून झालीं होतीं.

दुसरे दिवशीं सून परकर शिवावयास बसली. चिठ्ठ्या वाचीत ती सात वेळां उठली. तेव्हां त्या गांठोड्यांचा अर्थ माझ्या ध्यानांत आला. एक गांठोडें म्हणजे एक काम. कापड, त्याला जुळणारा दोरा, त्याचीं बटणें आणि मापाची चोळी, सर्व एकत्र बांधलेलें. गांठ सोडली कीं हात चालूं लागावा. कातर उजव्या हाताशीं, खडू उजेडाच्या बाजूला. मीं वस्तूंची जात पाहिली, आक्कानें काम पाहिलें. तिचीच व्यवस्था खरी होती. माझी केवळ पाहणाऱ्याला दाखविण्याजोगी.

शिंप्याला संस्कृतांत ‘तुन्नवाय’ म्हणतात. फाटलेलें सांधणारा, असा त्याचा अर्थ. चौसष्ट कलांत सूचीवानकर्माची गणना आहे. हे शब्द मीं वर्षानुवर्षें मुलांना सांगितले. पलीकडच्या खोलींत ती कला चालली होती, माझ्याच घराचें फाटलेलें सांधलें जात होतें, आणि दारांत उभें राहून तें पाहण्यास मला सवड झाली नाहीं.

नवमीच्या आदल्या दिवशीं मीं सर्व चिठ्ठ्या काढल्या आणि सुनेला म्हटलें, “जिला येथें बसायचें तिनें मांडावें. मी झाडून देईन.” तिनें तासाभरांत खोली लावली. दुसऱ्या वाचकांनाहि एवढेंच सांगावेंसें वाटतें: गेलेल्या माणसाची खोली आवरतांना धूळ आपण काढावी, पण गांठी सोडण्यापूर्वीं घरांत कोणाला तरी विचारावें.

नवमीस यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूची माळ वाहिली. नात म्हणाली, “आजोबा, माझी दोरी?” सौभाग्यवतींनीं तिला भिंतीशीं उभें करून खांद्याशीं दोरी धरली, मी खालीं वांकून घोट्याशीं धरली. गांठ मीं मारली. ती सैल बसली, म्हणून त्यांनीं ती सोडून पुन्हां मारली.